बारवेच्या मालिकेची न छापलेली सहा पानं

राहुरीतल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. घर रिकामं करायला निघालेल्या माणसांना जुनी पुस्तकं रद्दीत घालवत नाहीत, मग ती आमच्या दारात आणून टाकतात. तीन वर्षांपूर्वी अशाच एका घरातून खताच्या दोन गोण्या भरून मासिकं आली. शिपायाने गोणी उलटी केली आणि अगदी वरच्या अंकावर मला ती बाई दिसली. बारवेच्या पायरीवर पाठमोरी बसलेली, मोकळे केस पाण्यात सोडलेले, आणि पाण्याखाली केसांच्या जागी झाडाच्या मुळ्या.

मी ते मुखपृष्ठ लगेच ओळखलं. भुताखेतांच्या आणि साहसाच्या गोष्टींचं ते मासिक पुण्याहून निघायचं. माझा मोठा भाऊ ते एसटी स्टँडवरून आणायचा आणि गादीखाली ठेवायचा, म्हणून मीही ते गादीखालूनच काढून वाचलेलं. त्यात दर महिन्याला सहा पानांची एक चित्रमालिका यायची. जंगलखात्यातला एक तरणा गार्ड, त्याच्या हद्दीतली पडकी बारव आणि तिच्यात राहणारी ही बाई. ती वाचून मी आमच्या विहिरीकडे बघायचं सोडलं होतं.

गोण्यांमधले अंक मी महिन्यांप्रमाणे लावले. मालिका अर्ध्यातच तुटली होती. शेवटच्या चौकटीत गार्ड सातव्या पायरीवर उभा, कंदील विझलेला, आणि पाण्यातून आलेल्या हाताने त्याचा बूट धरलेला. खाली ‘पुढील अंकी’ असं छापलेलं. पुढच्या अंकात मात्र दुसरीच गोष्ट, दुसऱ्याच कुणाची.

अंक लावताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. मालिकेच्या पहिल्या पानावर लेखक आणि चित्रकार अशी दोन नावं असायची. शेवटच्या तीन अंकांतून चित्रकाराचं नाव गेलं होतं आणि अगदी शेवटच्या अंकातून लेखकाचंही. चित्रं त्याच हाताची होती, गोष्टही तीच पुढे चाललेली. नावं मात्र नव्हती. तीस वर्षं कॅटलॉग सांभाळल्यामुळे असेल, पुस्तकावरचं नाव गायब झालेलं मला सहन होत नाही. छपाईत एकदा चूक होते, तीन महिने होत नाही. कुणीतरी ती नावं मुद्दाम काढली असणार, हा संशय डोक्यात बसला तो बसलाच.

ग्रंथालयात या मासिकांचं छोटं प्रदर्शन मांडायचं आणि जमलं तर या दोघांना बोलवायचं, असं मी ठरवलं.

लेखक सापडायला काहीच वेळ लागला नाही. नाव वाचून शिपाईच म्हणाला, “हे तर काट्यावरचे काका.” साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकुनी करून निवृत्त झालेले हे गृहस्थ मला वीस वर्षं माहीत होते. गावच्या वाचनालयात पेपरवर कुणी पेनाची रेघ मारली तर ते भांडायचे, एवढीच त्यांची ओळख. या माणसाने ती बाई बारवेत बसवली असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

त्यांनी दार अर्धंच उघडलं. मी आणलेला अंक पाहिला, पण हात पुढे केला नाही.

“कुणी पाठवलं तुम्हाला?”

“कुणीच नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात हे अंक आलेत, म्हणून आले.”

“तिसगावहून कुणाचा फोन आला होता?”

“तिसगावला माझं कुणी नाही, काका.”

“मग मलाच कशा शोधत आलात?”

पहिल्या दिवशी मी उंबऱ्याबाहेरूनच परतले. दुसऱ्या वेळी त्यांनी माझं कॉलेजचं ओळखपत्र मागून घेतलं आणि चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं. तिसऱ्या वेळी आत घेतलं. घरात ते एकटेच होते. पत्नी वारलेली, मुलगी नाशिकला. भिंतीवर एकही चित्र नव्हतं.

हळूहळू ते बोलायला लागले. चित्रकार तिसगावच्या मिशनच्या शाळेत ड्रॉइंगचे मास्तर. दोघांची गाठ पुण्याला त्या मासिकाच्या संपादकाच्या खोलीतच पडली होती, आणि एकाच जिल्ह्याचे निघाले म्हणून संपादकाने दोघांना जोडून दिलं. काका वजनकाट्यावर बसून, उसाच्या गाड्यांच्या मधल्या वेळात चौकटी लिहायचे. लिहिलेलं पाकीट नगरला जाऊन पाथर्डीच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे, तो ते तिसगावला उतरवायचा. आठ वर्षं असं चाललं. या आठ वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटले असतील दहा-बारा वेळा.

“शेवट मी लिहून दिला होता,” काका म्हणाले. “सहा पानांचा. मिळाला म्हणून त्याचं कार्डही आलं. चित्रं मात्र पुण्याला गेलीच नाहीत. माझी मालिका त्याने मारली. आणि हे बघा.”

त्यांनी पत्र्याच्या पेटीतून मुंबईचं एक जुनं मासिक काढलं. त्यातल्या एका भयकथेला अर्ध्या पानाचं चित्र होतं. बारव, पायऱ्या, पाण्यात केस, केसांच्या मुळ्या.

“खाली नाव नाही,” मी म्हटलं.

“नाव कशाला पाहिजे? हात ओळखता येतो. आपली बारव नेऊन तिकडे दिली त्याने. माझ्याकडून गोष्टी घ्यायच्या आणि आतून तिकडे संधान बांधायचं.”

“तुम्ही त्यांना विचारलं नाही?”

“चोराला काय विचारायचं?”

“आणि तुमचं नाव का गेलं, काका? शेवटच्या अंकात तुमचंही नाव नाही.”

त्यांनी पेटी बंद केली. “त्याचं उत्तर माझ्याकडे कागदावर आहे.”

“बघू का?”

“नाही.”

घरी जाताना मला वाटलं, असा काही कागद नसणारच. काहीतरी यांनीच केलं असावं आणि चाळीस वर्षं ते दुसऱ्याच्या नावावर खपवत असावेत. माणूस इतका संशयी असला की त्याच्यावर संशय घेणं सोपं जातं.

पंधरा दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, नगरला गाडी बदलून मी करंजीचा घाट उतरून तिसगावला गेले. काकांना सांगितलं नाही. मास्तरांचं घर चर्चच्या मागच्या आळीत होतं. दार त्यांच्या मुलीने उघडलं. साठीची, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली, उंच आणि ताठ बाई. मी का आले ते सांगताच तिने दाराची दुसरी फळीही लावून घेतली.

“आमच्याकडं चित्रं न्हाईत,” ती आतून म्हणाली. “जी हुती ती गेली.”

“मला चित्रं नकोत, ताई. गुरुजींना भेटायचंय फक्त.”

“असंच म्हनत आल्ते ते दोघं.”

मग एक फळी उघडून, दारात उभं राहूनच तिने सगळं सांगितलं. वर्षभरापूर्वी पुण्याहून दोन तरुण आले होते. गोड बोलणारे. गुरुजींच्या पाया पडले, केक घेऊन आले होते. जुनी चित्रं स्कॅन करून आठवड्यात परत आणतो म्हणून सगळी पानं घेऊन गेले. त्यांचा फोन नंतर लागला नाही. त्या पानांत बारवेच्या मालिकेची शेवटची सहा पानं होती. कधीच न छापलेली.

“म्हणजे शेवट काढला होता गुरुजींनी?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. “तुमाला का येवढी घाई?”

शेवटी आतून गुरुजींनीच हाक मारली, “अगं, येऊ दे त्यांना.” तिने मला आत घेतलं, पण एका अटीवर. कशाचाही फोटो काढायचा नाही. मी कबूल केलं.

गुरुजी पंच्याऐंशीच्या आसपासचे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले, अंगात पांढरा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी काकांचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं.

“बरा आहे का तो?”

“बरे आहेत.”

“लिहितो का अजून?”

“नाही.”

“नाही लिहायचा. पहिल्यापासून दुसऱ्याच्या रेघेवर लक्ष. स्वतःच्या अक्षरावर कमी.” त्यांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. “माझं नाव त्याने काढायला लावलं. मला सांगितलं असतं तर मीच काढलं असतं. मागून कशाला करायचं?”

त्यांनी मुलीला बायबलमधलं पत्र आणायला सांगितलं. मासिकाच्या छापील कागदावर टाइप केलेल्या चार ओळी होत्या. त्यातली एक मला तेव्हाच पाठ झाली. ‘आपल्या लेखक-मित्राच्या इच्छेला मान देऊन पुढील अंकापासून आपले नाव छापणे आम्ही थांबवीत आहोत.’ आणि खाली, ‘याबाबत त्यांच्याशी परस्पर पत्रव्यवहार करू नये, ही विनंती.’

“तरी पुढे तीन महिने चित्रं काढलीत तुम्ही?”

“हातात घेतलेलं काम होतं. आणि ती बाई पाण्यात अर्धीच होती. तिला तशी सोडवेना.”

मुलगी चहा टाकायला आत गेली. गुरुजींनी डोळे मिटले होते. पत्र माझ्या समोर तिपाईवर होतं. काकांसमोर हे ठेवलं तर त्यांचा चेहरा काय होतो, ते मला बघायचं होतं. त्यांनीच हे केलं, अशी माझी आता खात्री झाली होती आणि ती शाबीत करायची मला घाई झाली होती. मी पर्समधून मोबाईल काढला आणि पत्राचा फोटो घेतला. मोबाईलचा आवाज बंद करायचं राहिलं होतं.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातातला कप तिने शांतपणे खाली ठेवला.

“तुमी बी तसल्याच,” ती म्हणाली.

“ताई, चित्राचा नाही, फक्त पत्राचा घेतला.”

“इचारलं का न्हाई?”

“तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“मंग?”

ती ओरडली नाही. तिने माझी पर्स उचलून माझ्या हातात दिली, दार उघडलं आणि मी बाहेर पडेपर्यंत तिथेच उभी राहिली. फोटो पुसून टाका, असंही म्हणाली नाही. स्टँडवर गाडीची वाट बघताना मी दोनदा तो पुसायला गेले आणि दोन्ही वेळा पुसला नाही. आजवर कुणाच्या घरातली सुईसुद्धा न विचारता उचललेली मला आठवत नाही. हे मात्र केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तो फोटो मोठा करून काकांसमोर धरला. ते वाचत होते आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, चोर पकडल्यासारखी. त्यांनी एकदा वाचलं, परत वाचलं. मग उठून पेटी उघडली आणि तळाशी हात घालून एक पाकीट काढलं. मला नाही म्हणाले होते तोच कागद. तेच मासिकाचं नाव, तसाच टाइप. ‘आपल्या चित्रकार-मित्राच्या इच्छेला मान देऊन पुढील अंकापासून आपले नाव छापणे आम्ही थांबवीत आहोत. याबाबत त्यांच्याशी परस्पर पत्रव्यवहार करू नये, ही विनंती.’

एक शब्द सोडला तर दोन्ही पत्रं सारखी होती.

काका खाटेवर बसले. मला वाटलं, आता ते संपादकाला शिव्या देतील. त्यांनी तसं काही केलं नाही.

“हे त्याचं पत्र त्याने स्वतः टाइप केलं नसेल कशावरून?” ते म्हणाले.

“काका, तुमच्या पत्रातला मजकूर त्यांना कसा कळणार?”

“तेही खरंय.” मग ते म्हणाले, “संपादक माझ्या लग्नाला आला होता. पुण्याहून. पंगतीत वाढायला उभा राहिला होता.”

तेव्हा मला त्यांचं थोडंसं समजलं. लग्नात वाढायला उभा राहिलेल्या माणसावर संशय घेणं त्यांना जमलं नव्हतं, म्हणून तो सगळा संशय वर्षानुवर्षं तिसगावच्या दिशेने गेला होता. संपादकाने असं का केलं, ते मला आजही माहीत नाही. तो आता हयात नाही आणि मासिकही केव्हाच बंद पडलं. मालिकेचं पुस्तक स्वतःच्या नावावर काढायचा त्याचा विचार असावा, असा माझा अंदाज आहे, पण त्याला पुरावा काही नाही.

आठ दिवसांनी काकांचा फोन आला. “तिसगावला न्याल का मला?”

मी ओळखीची गाडी ठरवली. घाटात ते एकदाच बोलले. “तो काही बोलला नाही तर आपण लगेच परत फिरायचं.” काखेत ते मुंबईचं मासिक होतं.

मुलीने दार उघडलं. काकांना तिने ओळखलं. लहानपणी कधीतरी पाहिलं असणार. “या, काका,” म्हणून ती बाजूला झाली. मी मागे होते. माझ्या पुढ्यात तिने दार ओढून घेतलं, पण पूर्ण लावलं नाही. मी बाहेर ओट्यावर बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं.

आत खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग काकांचा आवाज. “हे मुंबईचं चित्र तुझंच ना?”

“माझंच.”

“कबूल करतोस?”

“कबूल काय करायचं? काढलं मी. तू माझं नाव खोडायला लावलंस असं वाटलं, रागात काढून दिलं. एकच. पुन्हा नाही काढलं.”

“बारव आपली होती.”

“बारव इथली आहे. तू बघितली पण नव्हतीस. मी कार्डावर काढून पाठवली तेव्हा तू बाई लिहिलीस तिच्यात.”

मग काका हळू म्हणाले, “मीही एकदा पुण्याला कळवलं होतं. तुझी पानं उशिरा येतात म्हणून.”

“उशिरा येतच होती. बायकोचं दुखणं चालू होतं.”

“ते मला माहीत नव्हतं.”

“सांगितलं नव्हतं मी.”

मी उन्हात बसून ऐकत होते. दोघांपैकी कुणी रडलं नाही, कुणी माफी मागितली नाही. दोन्ही पत्रं शेजारी ठेवली असावीत, कारण गुरुजी मध्येच म्हणाले, “कारकुनासारखं लिहिलंय. कारकुनानंच ओळखायला पाहिजे होतं.” काका त्यावर थोडंसं हसल्यासारखे वाटले. लगेचच मात्र त्यांनी विचारलं, “शेवट काढलास तू, असं या ग्रंथालयाच्या बाई म्हणतात. पानं कुठायत?”

“नेली ना ती पोरांनी.”

“होती कशावरून?”

उत्तर मुलीने दिलं. “हुती, काका. मी पाह्यलीत. आईच्या उशाशी बसून काढलीत त्यांनी.”

परतीच्या वाटेवर काकांनी मला विचारलं, “तुम्हाला काय वाटतं? होती?” मी म्हटलं, होती. ते नुसतेच बाहेर बघत राहिले. माझं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझीही पूर्ण खात्री नव्हती. म्हातारपणी माणूस न काढलेली चित्रंही काढली म्हणतो आणि मुलगी बापाच्या बाजूने बोलते.

म्हणून मी शोधायला लागले. मोबाईलवर जुन्या चित्रकथांच्या मूळ पानांचे लिलाव चालतात, असे बरेच ग्रुप आहेत. माझ्या भाच्याच्या ओळखीने मी त्यांत शिरले. विकणाऱ्यांची नावं खोटी, फोटो कुत्र्यामांजरांचे किंवा सूर्यास्ताचे. रोज संध्याकाळी चार-पाचशे चित्रं बघायची. पाच महिने काही नाही. सहाव्या महिन्यात ते पान दिसलं. गार्ड गुडघाभर पाण्यात आणि बाईने पहिल्यांदाच तोंड वळवलेलं. आजपर्यंतच्या एकाही अंकात तिचा चेहरा नव्हता. तो भयानक नव्हता. चाळिशीतल्या, खूप दिवस आजारी असलेल्या एका बाईचा चेहरा होता तो. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

ते सहा पानांपैकी पहिलं होतं. डाव्या कोपऱ्यात शाईने दोन नावं लिहिलेली होती, आधी लेखकाचं, खाली चित्रकाराचं.

आता हे मुलीला सांगायला पाहिजे होतं. माझा फोन तिने उचलला नाही. मी भाच्याच्या फोनवरून केला.

“पानं दिसलीत, ताई. विकायला ठेवलीत कुणीतरी.”

ती म्हणाली, “तुमालाच कशी सापडली?”

“सहा महिने शोधतेय.”

“का?”

“माझ्याकडून जे झालं त्यामुळे.”

“का ती पोरं तुमच्या वळखीची हायेत?”

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिच्या जागी मीही हेच विचारलं असतं. मी तिला फोटो पाठवला, विकणाऱ्याचं पान पाठवलं आणि म्हटलं, “तुम्ही स्वतः बघा. पोलिसांकडे जायचं तर मी येते. नको असेल तर येत नाही.” संध्याकाळी तिचा फोन आला. वडिलांना चित्र दाखवलं, ते म्हणाले, तुझ्या आईचा चेहरा आहे. एवढं सांगून ती म्हणाली, “या बुधवारी. त्या काकांनाबी घिऊन या.”

चौकीतले हवालदार सभ्य होते, पण त्यांनाही शंका होत्याच. चित्रं कुणाची, हे कशावरून? पावती? घेऊन जाताना लिहून घेतलं होतं का? मुलीकडे काहीच नव्हतं. गुरुजी बाकावर बसले होते, आपली काठी धरून. काका उभेच होते. एवढा वेळ त्यांनी मोबाईलवरचं पान हातात धरलं होतं आणि दोन बोटांनी कोपरा मोठा करून ते आपलंच नाव पुन्हापुन्हा वाचत होते.

“तुझा तर माझ्यावर राग होता,” ते गुरुजींना म्हणाले. “मग माझं नाव का घातलंस?”

“गोष्ट तुझी होती,” गुरुजी म्हणाले. “राग वेगळा.”

“आणि पुण्याला का नाही पाठवलीस?”

“संपादकाने माझं नाव पांढऱ्या रंगाने पुसलं असतं. आणि मग तुझंही, शेवटच्या अंकात गेलं तसं. म्हणून ठेवली घरात.”

हवालदार पेन घेऊन वाट बघत होते. काका टेबलापुढे गेले आणि वजनकाट्यावर बोलत असत तशा मोठ्या, सपाट आवाजात म्हणाले, “माझा जबाब लिहून घ्या. ही चित्रं या माणसाने काढलेली आहेत. आठ वर्षं दर महिन्याला काढली. मी साक्षीदार आहे.”

“तुमचा यात काय संबंध?”

“गोष्ट मी लिहिली.”

“धंदा काय लिहू? सेवानिवृत्त कारकून?”

“लेखक लिहा,” गुरुजी बाकावरूनच म्हणाले.

हवालदारांनी लिहिलं. काकांनी ते सगळं पुन्हा वाचून दाखवायला लावलं, एक शब्द दुरुस्त करून घेतला आणि मगच सही केली. मग कागद गुरुजींपुढे धरला. त्यांनी सही करताना मुलीने पाठीमागून कोपर धरलं.

पानं अजून मिळालेली नाहीत. विकणाऱ्याने तो फोटो दुसऱ्याच दिवशी काढून टाकला आणि अर्ज पुढे कुठल्या तरी सायबर शाखेकडे गेला आहे. मी महिन्यातून एकदा विचारून येते. प्रदर्शन आम्ही गेल्या हिवाळ्यात मांडलं. दोघांची नावं मोठ्या अक्षरांत लिहिली होती. गुरुजींना प्रवास झेपला नाही. काका आले, पण एका कार्डावर गुरुजींच्या गावाचं नाव चुकलं म्हणून शिपायाशी भांडले.

मुलगी मात्र आली होती. एकटीच, सकाळच्या एसटीने. प्रत्येक काचेसमोर थांबली आणि सगळी कार्डं वाचली. निघताना मी तिला चहाला थांबायला म्हटलं.

“न्हाई, गाडी हाय,” ती म्हणाली. मग दारापाशी जाऊन वळली. “आईतवारी या घरी. आबा इचारत्यात तुमाला. मी पन असंन.”